पोटात उशी घातलेला बॉम्बो

मित्रांनो, मी एक जुना बॉम्बो आहे, कार्निव्हलात वाजणारा मोठा ढोल. म्हणजे होतो. आता मी नक्की काय आहे, हे मलाच नीट सांगता येत नाही, म्हणून तर ही हकिगत तुमच्यापुढे मांडतो आहे. तुम्हाला काही उमगलं तर बरंच.

माझा जन्म लानूस शहरातल्या एका सुताराच्या शेडमध्ये झाला. त्याने लाकूड वाकवून माझं गोल अंग केलं, दोन्ही तोंडांवर कातडं ताणलं आणि माथ्यावर एक पितळी झांज बसवली. कार्निव्हल आला की माझी मालकीण ग्लाडिस मला गळ्यात अडकवून आपल्या टोळीबरोबर रस्त्याने निघायची. तिचा उजवा हात मोगरीने माझं कातडं बडवायचा आणि त्याच क्षणी डावा हात माथ्यावरच्या झांजेवर दुसरी झांज आपटायचा. पुढे चमचमत्या कोटांतले नाचे हवेत पाय झुगारायचे. ते जितके उंच उडत तितकं ती जोरात आणि भरभर वाजवी. गच्चीवरून लोक ओरडायचे, "अजून जोरात!" बॉम्बोचं काम एवढंच, असं मी समजून होतो.

पुढे टोळी मोडली. कुणी गाव सोडलं, कुणाचे गुडघे गेले. ग्लाडिस बेकरीत कामाला लागली आणि मी तिच्या खोलीत कपाटावर जाऊन पडलो. माझ्यावर आधी गोधड्या आल्या, मग एक मोडका पंखा. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

आणि मग एवारिस्तो मास्तर पडले. हे आमच्या वस्तीतल्या क्लबच्या रॉक बँडचे ड्रमर. क्लबात नाच असला की सगळा मोहल्ला नाचायचा आणि मास्तर कोपऱ्यात बसून त्यांना नाचवायचे. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि उजवा पाय पेडल दाबेनासा झाला. त्यातच त्यांच्या मोठ्या ड्रमचं लाकूड तळघरातल्या ओलीने फुटलं होतं.

ग्लाडिस मला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. "माझा बॉम्बो घ्या मास्तर. पण मग वाजवायलाही मलाच शिकवा."

गिटारवाला चीनो तिथेच होता. तो म्हणाला, "क्लबच्या वाढदिवसाला नाच आहे. तोवर हिला जमलं तर ठीक, नाहीतर मी ड्रमचे ठोके देणारं मशीन आणतो. मशीन चुकत नाही, आणि मध्येच सॉसेजचा पाव, चोरीपान, खायलाही उठत नाही."

"मशीन एकदा माझ्या खुर्चीवर बसलं ना," मास्तर म्हणाले, "की मग कुणी माणूस तिथे बसायचा नाही. ग्लाडिस, उद्यापासून ये."

इथून माझा गोंधळ सुरू झाला. त्यांनी माझ्या माथ्यावरची झांज काढली. मला आडवं करून पाय लावले. एका बाजूचं कातडं उतरवलं आणि पोटात चक्क उशी कोंबली! जन्मभर ज्या आवाजासाठी शाबासकी मिळाली, तोच आता दाबायचा? आणि मारणार कोण, तर पाय. ग्लाडिस पेडल दाबायची आणि मोगरी येऊन कातड्यावर बसायची ती उठायचीच नाही.

"अगं, दाबून काय धरतेस? तो पळून जाणार आहे का?" मास्तर ओरडायचे. "मार आणि सोड. मोगरीला परत येऊ दे, तिचं तिला कळतं."

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. उजव्या हाताने शेजारच्या झांजांवर बारीक, सारखी चाल धरायची, डाव्याने छोट्या ड्रमवर ठोका द्यायचा, आणि पायाने मधूनमधून मला. पण माझ्यावर ठोका पडला रे पडला, की ग्लाडिसचा हात झांजेवर असा जोरात आपटायचा की खिडकीतलं मांजर उडी मारून पळायचं. इतक्या कार्निव्हलांची सवय ती.

"या झांजेचं आणि बॉम्बोचं लग्न लागलंय का?" मास्तरांनी विचारलं.

"लागलंय मास्तर. आमच्याकडे लागलेलंच असतं."

"मग काडीमोड घे. रॉकमध्ये ज्याचा त्याचा संसार वेगळा."

त्यांनी झांजांचा स्टँडच उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवला. आता फक्त छोटा ड्रम आणि मी. ग्लाडिसचा उजवा हात रिकाम्या हवेत उठायचा आणि ओशाळून खाली यायचा. मास्तरांच्या पत्नी इर्माबाई 'माते' चहासाठी पाणी तापवता तापवता हसायच्या. मी मात्र हसलो नाही. झांजेशिवाय मी स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो इतका साधा, इतका एकटा होता की मला रडूच आलं. मास्तर मात्र डोळे मिटून म्हणाले, "हां. आता कुठे बॉम्बो बोलला." यात बोलण्यासारखं काय होतं, मला अजूनही कळलेलं नाही.

हळूहळू झांजा परत आल्या. ग्लाडिस जितकं कमी वाजवी तितके मास्तर खूश होत. हा कसला न्याय? तिलाही पटत नसावं. एकदा ती काठ्या टाकून उठली. "हे वाजवणं आहे की गप्प बसणं? आणू द्या त्या चीनोला मशीन!" असं म्हणत ती बेकरीत निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली ती गरम पाव घेऊन, आणि थेट खुर्चीवर बसली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी क्लब भरून गेला. पहिलंच गाणं ग्लाडिसने भलत्याच वेगात उचललं. हात घाबरले आणि झांज पुन्हा माझ्याबरोबर आदळू लागली. चीनोने मान वळवून डोळे वटारले. मशीन त्याने पेटीत घालून आणलंच होतं. संपलं, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात ग्लाडिसने मान खाली घातली आणि नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहिलं. ही खोड रस्त्यावरची. पण इथे कुणी उडत नव्हतं. वयस्कर जोडपी होती, पावलं चुकत होती, एकमेकांना आदळत होती. तिने वेग त्या पावलांवर आणून ठेवला. पाय मारी आणि सोडी. हात आपल्या वाटेने चालू लागला. चीनोची मान पुढे वळली ती पुन्हा मागे आली नाही.

तेव्हा गर्दीतून काठी टेकत मास्तर पुढे आले. आता काहीतरी खोड काढणार, म्हणून ग्लाडिस ताठ झाली. पण ते आमच्याकडे आलेच नाहीत.

"चल गं म्हातारे," ते इर्माबाईंना म्हणाले.

"अहो, तुम्हाला नाचता कुठे येतं?"

"येईल कसं? मी सदा तिकडे बसलेलो!"

दोघं जागच्या जागी डोलू लागले. मास्तरांचं पाऊल चुकत होतं आणि इर्माबाई पदोपदी हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, मी बॉम्बो की ड्रम, हा घोळ काही सुटलेला नाही. मला ओलीत ठेवू नका, माझ्यावर पंखे रचू नका, एवढं तर मागतोच. पण तुमच्या वस्तीत सगळ्यांना नाचवणारं कुणी असेल, तर त्याच्या हातातल्या काठ्या एकदा तुम्ही घ्या. त्यालाही नाचायचं असेल.