उसने कान

बायकोने पर्समधून कोटाच्या बटणाएवढी काळी चकती काढली आणि विधिमंडळ समितीच्या अध्यक्षांच्या टेबलावर, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माइक आहे, साहेब. तुम्ही इथे बोललात की थेट यांच्या कानातल्या यंत्रात जातं."

अध्यक्ष चकतीवर वाकले आणि मुद्दाम हळू आवाजात म्हणाले, "नमस्कार, काका."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याने हात जोडले. समितीचे सदस्य जादूचा प्रयोग पाहावा तसे हसले.

म्हाताऱ्याचे कान पत्रे दाबणाऱ्या प्रेसने खाल्ले होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर कारखान्याने त्याला निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं, टोले देणारं. असली अक्कल फक्त कारखान्यांनाच सुचते. दोन्ही कानांची यंत्रं घ्यायची तर दोन वर्षांची पेन्शन मोजावी लागली असती, म्हणून ती कधी घेतलीच नाहीत. बायको टपाल खात्यात होती. कुठला कागद कोणाच्या टेबलावर बसून राहतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. श्रवणयंत्रांच्या किमतींना कायद्याने लगाम घालावा म्हणून निवृत्तीनंतर चार वर्षं तिने घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या. आता कुठे विधेयक तयार झालं होतं आणि समिती साक्ष ऐकत होती. प्रश्न ऐकू यावेत म्हणून श्रवणयंत्रांच्या दुकानातल्या मुलीने माइकसकट एक जोडी दिली होती, संध्याकाळी पाचपर्यंत परत करायच्या बोलीवर.

"आत्ता तर तुम्हाला छान ऐकू येतंय की," एक सदस्य म्हणाले.

"उसनं आहे, साहेब. संध्याकाळी परत द्यायचंय."

पुन्हा हशा पिकला. मग अध्यक्षांनी विचारलं, यंत्र नसल्यामुळे नेमकं काय अडलं?

बायकोने त्याच्याकडून पाच मुद्दे घोकून घेतले होते. तो ते विसरला.

"धाकटा भाऊ गेला माझा. जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून बराच वेळ काही सांगत होता. त्याला जोरात बोलवत नव्हतं. मी आपला हो हो करत राहिलो. कशाला हो म्हणालो, ते मला अजून माहीत नाही."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. बायकोला वाटलं, जिंकलो.

साक्ष संपली. बाहेरच्या बाकावर त्याला बसवून ती निवेदनाची पोच आणायला गेली. पोच हातात पडल्याशिवाय कुठल्याही कचेरीतून हलायचं नाही, ही तिची जन्माची सवय. चकती मात्र टेबलावरच राहिली होती.

तो बाकावर पाय सैल सोडून बसला. इतक्यात त्याच्या कानात अध्यक्ष बोलले, अगदी शेजारी बसल्यासारखे.

"म्हातारा बोलला झकास. पेपरात येईल."

"मग विधेयकाचं काय करायचं?" दुसरा आवाज.

"काय करायचं? उपसमितीकडे ढकला. निवडणुकीपर्यंत भिजत घोंगडं पडू दे. यंत्रवाल्या कंपन्यांना मी शब्द दिलाय."

"आणि त्या बाई? चार वर्षं पिच्छा सोडला नाही त्यांनी."

"त्यांना गोड बोलायचं. थकतील आपोआप."

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. त्याने बाकाची कड घट्ट धरली. प्रेसवर असताना कोणी अंगावर आलं तर तो सरळ गचांडी धरायचा. इथे कोणाची धरणार?

बायको पोच फडकावत आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, माइक!" त्याने तोंड उघडेपर्यंत ती आत गेलीसुद्धा. मग तिचा आवाज कानात आला आणि त्यावर अध्यक्षांचा, साखरेत घोळलेला:

"ताई, काकांनी डोळ्यांत पाणी आणलं हो. याच अधिवेशनात मंजूर करून घेतो. माझा शब्द."

ती बाहेर आली तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होती.

"झालं! याच अधिवेशनात, म्हणाले."

"खोटं बोलतोय तो," म्हातारा म्हणाला. "निवडणुकीपर्यंत लोंबकळत ठेवणार आहेत. कंपन्यांना शब्द दिलाय त्याने. आत्ता बोलले दोघं. मी ऐकलं."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने मान झटकली.

"काहीतरीच! मी समोर उभी होते त्यांच्या. डोळे भरून आले होते त्यांचे."

"तू आत जायच्या आधी बोलले. माझ्या कानात. शब्द न् शब्द."

ती त्याच्याजवळ बसली. गेली अकरा वर्षं घरात जशी बोलायची तशीच, त्याच्या कानापाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत, तिने ओरडून सांगितलं:

"अहो, तुम्हाला, नीट, ऐकू आलं, नसेल!"

आवाज डोक्यात घण बसावा तसा बसला. जाणारे-येणारे थबकले. त्याने उजवं यंत्र काढलं, मग डावं, आणि दोन्ही तिच्या हातात दिली. पाच वाजायला अजून बराच अवकाश होता.