पाचव्या मजल्यावरचा माणूस

नोंदणीच्या टेबलापाशी सासूबाईंनी पुन्हा एकदा खोटं आडनाव सांगितलं आणि सुनेने ते न अडखळता टेबलामागच्या मुलीला एकेक अक्षर फोडून सांगितलं.

"आणि तुमचं एकमेकींशी नातं?" मुलीने विचारलं.

"मावशी-भाची," सासूबाई म्हणाल्या.

मागच्या खेपेला त्या मायलेकी होत्या. त्याआधी शेजारणी. खरं नातं पहिल्याच वर्षी सांगून झालं होतं, आणि एकदा सगळं ऐकून घेऊन 'नको' म्हणून गेलेल्या माणसांना इथला फुकटचा मुक्काम दुसऱ्यांदा मिळत नसे. तिथली विक्रीची माणसं मात्र हंगामागणिक बदलत. त्यामुळे आजवर निभावलं होतं.

मुलीने दोघींना छातीवर लावायचे बिल्ले दिले. सासूबाईंनी आपला बिल्ला लांब धरून वाचला.

"माय मरो पण मावशी उरो म्हणतात," लिफ्टकडे जाताना त्या म्हणाल्या. "सासू उरो असं म्हटलेलं ऐकलंयस कधी कोणी?"

"तुम्ही हळू बोला हो, आई."

"मावशी म्हण."

समुद्र विकणाऱ्या त्या इमारतीत सभागृहाचे पडदे मात्र गच्च ओढलेले होते. आत इतकं गार होतं की सासूबाईंनी पर्समधून शाल काढली. लाटांचा आवाज छतातल्या स्पीकरमधून येत होता. तुकडा एकच होता, तो संपला की पुन्हा सुरू होई. लाट फुटताना कुठलासा पक्षी ओरडे, दर वेळी नेमक्या त्याच जागी. बाकीच्या टेबलांवरच्या जोडप्यांपैकी कोणाच्या ते लक्षात आलेलं दिसत नव्हतं. सुनेच्या आलं होतं. काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात तिचा दिवस जायचा, आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत वेगळं काय आहे ते शोधायची तिच्या डोळ्यांना खोड लागली होती.

त्यांच्या टेबलावर आलेला विक्रेता तरुण आणि फार गोड होता. दोन वाक्यांतच सासूबाईंनी त्याचं नाव 'मधाचं बोट' ठेवलं आणि सुनेच्या कानात सांगितलं.

"मावशी, आम्ही घर विकत नाही," मधाचं बोट म्हणालं. "आम्ही आठवडा विकतो. दर वर्षी तोच आठवडा, तोच फ्लॅट, तोच समुद्र. तुम्ही हयात असेपर्यंत, आणि तुमच्यानंतर तुमच्या मुलांना."

"आणि बाकीचं वर्षभर तिथे कोण असतं?"

"दुसरे मालक. पण ते तुम्हाला कधी दिसणार नाहीत. तुम्ही याल तेव्हा चादरी बदललेल्या असतात, कपाटं रिकामी असतात. आधी कोणी होतं असं वाटतसुद्धा नाही."

"पण असतात."

"असतात तर," मधाचं बोट हसून म्हणालं.

सुनेच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने नाव बघून तो पालथा ठेवला.

"उचल की," सासूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "लॅबमधून असेल."

"नंतर करते."

"मी बहिरी नाही, पण तेवढ्यापुरती होईन. मला काही त्रास नाही."

सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लॅबमधल्या डॉक्टरांबद्दल तिने घरी कधी ब्र काढला नव्हता. वयाने मोठा, शांत, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेला माणूस. एके दिवशी अहवालांवर सह्या करता करता त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. तिने समुद्रावरून परत आल्यावर सांगते म्हटलं होतं. तिला 'हो' म्हणायचं होतं, यात तिच्या मनात काही संशय उरला नव्हता. पण सासूबाईंच्या लेखी तिचा नवरा पाचव्या मजल्यावर बसलेला होता, आणि तो तिथे बसलेला असताना 'हो' म्हणता येणार नव्हतं.

दिवे मंद झाले. फिल्म सुरू झाली.

सासूबाईंनी चष्मा पुसून घातला आणि सुनेचा हात धरला.

नवरा गेला ती सकाळही याच किनाऱ्यावरची. तिघं जवळच्या एका साध्या लॉजवर उतरली होती. तो पोहायला गेला. वाळूवर टॉवेल, टॉवेलवर घड्याळ, चपला शेजारी शेजारी. पाणी त्या दिवशी अगदी शांत होतं. होड्या जाऊन आल्या, माणसं किनारा पालथा घालून आली, पण पाण्याने काही परत दिलं नाही. तेव्हा या इमारतीचे नुसते खांब उभे होते, वर गंजक्या सळया. सुनेला ते पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी पाण्याकडे बघवेना तेव्हा ती त्या सळयांकडे बघत बसली होती.

पुढे इमारत झाली, सजली, आणि मग ही फिल्म निघाली. सासूबाई दर वर्षी किनाऱ्यावर यायचा हट्ट धरत, तशा आलेल्या असताना वाळूत फिरणाऱ्या एका मुलीने त्यांच्या हातात फुकट मुक्कामाचं आमंत्रण ठेवलं. त्या पहिल्या दिवशी, याच अंधारात, सासूबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या. पाचव्या मजल्याच्या गॅलरीत एक माणूस पाठमोरा बसलेला, समुद्राकडे तोंड करून. एक मूल त्याच्यामागून पळत जातं, कोणीतरी बाई हसते, आणि दृश्य संपतं. पापणी दोनदा लवावी, एवढाच वेळ.

"तो बघ," त्या म्हणाल्या होत्या. "बसायची तऱ्हा बघ त्याची."

सुनेने बघितलं होतं. एक मान, दोन खांदे, खुर्चीची पाठ. अशी मान असणारी माणसं रस्त्याने ढिगाने जातात. पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी सासूबाई पोटभर जेवल्या, आणि सुनेने वाद घातला नाही. तिथून हे सुरू झालं.

आताही ती गॅलरी आली. सासूबाईंची बोटं आवळली. मूल पळालं, बाई हसली.

"पाहिलंस?" अंधारात सासूबाई कुजबुजल्या. "मागच्या खेपेपेक्षा वळलाय."

"आई, फिल्म आहे ती. फिल्ममधली माणसं वळत नसतात."

"पहिल्या वर्षी कान दिसत नव्हता."

"तुम्ही तेव्हा डाव्या बाजूला बसला होतात."

"तू आणि तुझी डावी बाजू," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने यावर उपाय योजला होता. आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या मागे लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या माणसाला गाठून तिने विचारलं होतं, उद्या सगळे नमुन्याचा फ्लॅट बघायला गेले की ते एक दृश्य थांबवून दाखवाल का? तो अबोल माणूस होता. कशाला, असंही त्याने विचारलं नाही. काचपट्टी हलती राहिली तर कोणालाही काहीही दिसतं. स्थिर केली, प्रकाश नीट धरला, की जे असतं तेवढंच दिसतं. सासूबाईंना तो परका माणूस एकदा नीट दिसला, की त्यांचं त्यांनाच कळेल. रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. मग परत जाऊ, आणि मग डॉक्टरांना सांगू. इतकं सरळ होतं ते.

फिल्म संपल्यावर टाळ्या झाल्या. माणसं उठून मधाच्या बोटाच्या सहकाऱ्यांमागे निघाली.

"आम्ही फ्लॅट मागाहून बघतो," सून म्हणाली. "मावशींचे पाय दुखतायत."

"माझे?" सासूबाईंनी विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हो, दुखतायत बाई. मेले ठणकतायत."

सभागृह रिकामं झालं. लाटांचा आवाज कोणी बंद केला नव्हता. लॅपटॉपवाल्याने दृश्य लावलं आणि एकेक चित्र पुढे सरकवायला सुरुवात केली. मूल पळताना तुकड्यातुकड्याने पुढे गेलं. एक पाय हवेत, मग जमिनीवर, मग दाराआड. मूल नाहीसं झाल्यावर गॅलरीत फक्त तो उरला.

"इथे थांबवा," सून म्हणाली.

तो पाठमोरा नव्हता. पुरता वळलेलाही नव्हता. मागे कोणी हाक मारल्यावर माणूस वळायला सुरुवात करतो, तेवढा. उजवा कान दिसत होता, चष्म्याची काडी, गालाची कड.

"फिल्म बदललीत का तुम्ही?" सुनेने विचारलं.

"नाही," लॅपटॉपवाला म्हणाला. "इमारत उघडली तेव्हाचीच आहे. दुसरी काढलीच नाही कोणी."

तिने डोळे मिटले, लॅबमध्ये एखाद्या पट्टीबद्दल खात्री नसली की मिटायची तसे. दूर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

कानाच्या वरच्या कडेला खाच होती. नखाने खरवडावी तशी लहान, गोल. लहानपणी कुंपणाच्या तारेखालून पलीकडे जाताना तिच्या नवऱ्याचा कान फाटला होता. लग्न झाल्यावर ही गोष्ट तिला सासूबाईंनीच सांगितली होती, त्याच्या कानाला धरून, तो मोठा झालेला असताना आणि 'सोड गं आई' म्हणत असताना.

कान पुष्कळांचे फाटतात, तिने स्वतःला सांगितलं. मग कपाकडे तिचं लक्ष गेलं. कठड्यावर त्याचा कप होता आणि त्याने तो दांडीला न धरता वरून, पाचही बोटांनी, झाकण उचलावं तसा धरला होता. नवरा गरम चहा असाच धरायचा आणि बोटं भाजली म्हणून रोज सकाळी तक्रार करायचा.

सासूबाई उठल्या होत्या. खुर्च्यांना धरत धरत त्या पार पडद्यापाशी गेल्या. प्रकाश त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडला, समुद्राचा एक तुकडा त्यांच्या शालीवर आला. त्यांनी हात वर केला. बोटाची सावली पडद्यावर सरकत सरकत त्या माणसाच्या कानापर्यंत गेली आणि तिथे थांबली. बराच वेळ थांबली.

मग त्यांनी हात खाली घेतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "हा आपला नाही."

सुनेला काही क्षण ते शब्द कळलेच नाहीत.

"आई, नीट बघा."

"बघितलं की. इतकी वर्षं उगाच तुला फरफटवलं. म्हाताऱ्या माणसाचे डोळे, दुसरं काय."

"पण तो कान—"

"काय कानाचं?" सासूबाई वळल्या. प्रकाश पाठीशी असल्याने त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "कान सगळ्यांनाच असतात."

"आणि कप, आई. कप बघा ना तुम्ही."

"बघितला म्हटलं ना." आवाज अगदी साधा होता, भाजीवालीला 'आज नको' म्हणावं तसा. "हा कोणी दुसरा आहे. कोणाच्या तरी घरचा असेल, सुखात बसलाय, बसू दे. आणि तू त्या डॉक्टरांना काय ते कळवून टाक. चांगल्या माणसाला फार ताटकळत ठेवू नये, त्याची सवय होते त्यांना." त्या लॅपटॉपवाल्याला म्हणाल्या, "बंद करा हो. उगाच वीज जाळताय."

पडदा पांढरा झाला. सून जागीच उभी राहिली. जे सिद्ध करायला ती आली होती ते सासूबाईंनी तिच्या हातात ठेवलं होतं, घडी घालून. ते घ्यायचं आणि निघायचं. तिला पाऊल उचलता येईना.

दाराशी मधाचं बोट आलं होतं.

"मावशी, बरं वाटतंय ना? फ्लॅट बघायचा राहिला तुमचा."

"त्यात काय बघायचं? भिंती असतील आणि छत असेल," सासूबाई म्हणाल्या आणि दाराजवळच्या टेबलापाशी त्याच्यासमोर बसल्या. "पाचव्या मजल्यावर काही शिल्लक आहे का तुमच्याकडे?"

मधाच्या बोटाचं हसू क्षणभर विस्कटलं. 'नको' ऐकायची तयारी करून आलेला माणूस होता तो. त्याने घाईने टॅबवर बघितलं.

"एकच आठवडा आहे. पण खरं सांगतो, तो कोणी घेत नाही. हंगाम संपल्यानंतरचा. तेव्हा इथे चिटपाखरू नसतं, समुद्र खवळलेला असतो. खाली जाताच येत नाही."

"खाली कोणाला जायचंय? गॅलरी आहे ना?"

"गॅलरी आहे."

"मग झालं. माझ्या गाठीशी आहे तेवढं, ती काळजी करू नका."

सून टेबलापाशी आली. तिने सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. शालीखालचं हाड थरथरत असेल असं तिला वाटलं होतं. ते स्थिर होतं.

"आणि राहणार किती जण?" मधाच्या बोटाने विचारलं. "तशी व्यवस्था ठेवतो आम्ही. ताटल्या, टॉवेल, पलंग."

"दोघं," सासूबाई म्हणाल्या.

"आई," सून म्हणाली. तो शब्द ऐकून मधाच्या बोटाने दोघींच्या बिल्ल्यांकडे बघितलं, पण तिला आता त्याची पर्वा नव्हती. "मला नाही जमायचं हो दर वर्षी. पुढच्या वर्षी तर मी कुठे असेन..."

सासूबाईंनी खांद्यावरचा तिचा हात हलकेच थोपटला आणि बाजूला केला.

"तुला कोण मोजतंय?" त्या म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून घेऊन मधाच्या बोटाकडे वळल्या. "लिहा तुम्ही. दोघं."