गालावरची ऊब

मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा आहे, पण मला कधी आवाज फुटला नाही. माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या त्या सूक्ष्मलहरी. त्या दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, त्यांना वासही नसतो. नॉर्वेच्या उत्तरेला, एका उघड्याबोडक्या बेटावरच्या रडार ठाण्यात माझी नोकरी होती. दूरच्या जहाजांचा ठावठिकाणा मी लावत असे.

मला सांभाळायचा हाल्वोर नावाचा तंत्रज्ञ. दुरुस्तीनंतर मी नीट चालतो की नाही, हे पाहायला एक मोजयंत्र होतं. पण थंडीत त्याचा काटा जागचा हलत नसे. मग हाल्वोर सरळ माझ्या तोंडासमोर वाकायचा आणि गाल पुढे करायचा. ऊब लागली की म्हणायचा, "चालू आहे." त्याचा गाल कधी चुकला नाही. ठाण्यात त्याचं भारी कौतुक होई. त्याचं पाहून योस्टाइन, त्याचा जोडीदार, हीच युक्ती करू लागला. मला वाटायचं, चला, या गारठ्यात आपण कुणाला तरी ऊब देतो. मी मूर्खासारखा खूश होतो.

गाल पुढे केला की डोळाही पुढे येतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अशी काही वर्षं गेली आणि हाल्वोर धुक्याच्या नावाने कुरकुर करू लागला. आमच्या बेटावर धुक्याचं कुणाला नवल? योस्टाइन त्याला चिडवायचा, की समुद्रावर जायचा तुला आळस आणि नाव मात्र धुक्याचं. हाल्वोर हसण्यावारी न्यायचा. पण त्याची छोटी होडी म्हणजे त्याचा जीव की प्राण होती. नोकरी संपली की बायकोला, ओडनीला, घेऊन त्याच होडीतून कॉड मासा धरायला जायचं, हे त्याने कधीचं ठरवून ठेवलं होतं.

एका दुपारी ओडनी डबा घेऊन वर आली. आभाळ इतकं निवळ होतं, की खाडीपलीकडच्या डोंगरांवरचा बर्फ दिसत होता. हाल्वोरने दारातून समुद्राकडे पाहिलं.

"आजही धुकं आहे. होडी काढायला नको."

डबा उघडता उघडता ओडनीचा हात थांबला. "हाल्वोर, आज धुकं नाहीये."

"थट्टा पुरे."

"बरं, माझ्याकडे बघ. मी हसतेय का, सांग."

त्याला सांगता आलं नाही. त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडून परत आल्यावर त्याने माझ्याशेजारी बसून योस्टाइनला सगळं सांगितलं. डोळ्यातल्या भिंगात रक्त फिरत नाही, त्यामुळे आत शिरलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. भिंगाच्या जिवंत पेशींत एन्झाइम नावाचे इवलेसे कामगार असतात. भिंग स्वच्छ राहतं ते त्यांच्या राबण्यामुळे. फार तापले की त्यांचा आकार बिघडतो आणि काम बंद पडतं. मग भिंग गढुळतं.

"मी विचारलं, मग दुखलं कसं नाही?" हाल्वोर म्हणाला. "बाई म्हणाल्या, ऊब गालाला कळते, भिंगाला कळत नाही. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होतं का, असंही विचारलं त्यांनी."

योस्टाइनने एक डोळा झाकून दिव्याकडे पाहिलं. मग दुसरा झाकला.

शस्त्रक्रियेने हाल्वोरचा एक डोळा जाड चष्म्यापुरता वाचला. होडी विकावी लागली. मला कुणीतरी काढून एका पडवीत टाकलं. तिथे मी हिरवा पडलो. आता बंदरावरच्या संग्रहालयात आहे. मुलं माझ्या तोंडात डोकं घालून हाका मारतात.

परवा हाल्वोर ओडनीचा हात धरून आला. मला चाचपलं आणि जुन्या सवयीने त्याचा गाल पुढे आला.

"काही लागतंय का?" ओडनीने विचारलं.

"नाही. तेव्हाही डोळ्याला काही लागत नव्हतं."

मित्रांनो, यंत्र नीट चालतं का ते यंत्राने मोजा. आपला गाल, आपला डोळा पुढे करू नका. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्या तोंडात डोकं घालून खुशाल हाका मारा, मी आता बंद आहे. पण चालू असतो, तरी तुम्हाला असाच दिसलो असतो.