एक न धुतलेलं कापड

कुत्र्याला राहायला रोह्याला पाठवणार आहोत, हे मी गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी ते सगळ्यांना कळलं. मी वालाच्या शेंगा काढत होतो, तर शेजारचा गोविंदा कुंपणावरून ओरडला, "काय रे दिनानाथ, कुत्र्याला माहेरपणाला धाडतोस म्हनं? ओटी भरलीस का त्याची?" त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मला असा संताप आला की शेंगांची पाटी तिथेच टाकून मी घरी आलो.

हसायला यांचं काय जातं! मागे पुतणीच्या लग्नाला गेलो, तेव्हा कुत्र्याला, बंब्याला, याच गोविंदाकडे बांधून ठेवलं होतं. बंब्याने दोर कुरतडला आणि रुळाच्या कडेकडेने थेट कासू स्टेशन गाठलं, कारण आम्हाला तिथून गाडीत बसताना त्याने पाहिलं होतं. आम्ही परत येईपर्यंत तो फलाटावर बसून होता. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी धावायचा, म्हणे. एखाद्या गाडीखाली आला असता तर? पोटात अन्नाचा कण नाही. तो माझ्या बायकोच्या, शांतीच्या हातचंच खातो, दुसऱ्या कुणाच्या हाताला तोंड लावत नाही. पिल्लू असताना न्हाणीतल्या बंबाच्या गरम राखेत झोपायचा, तेव्हापासून शांतीच त्याची आई आणि मी म्हणजे त्या घरात राहणारा कुणीतरी.

आणि या खेपेला आम्ही लग्नाला जाणार नव्हतो. शांतीच्या हृदयाची झडप बदलायची होती, पनवेलला. आमची मुलगी मृणाली तिकडेच राहते, तिनेच सगळं ठरवलं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं आणि विचारलं, काही शंका आहे का? शांती म्हणाली, "किती दिवस ठेवाल? घरी कुत्रा हाय." डॉक्टर हसले. मी नाही हसलो. मला त्यांना खूप काही विचारायचं होतं, पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

रोह्याची निशिगंधा मृणालीच्या ओळखीची. कुंडलिका नदीच्या अंगाला तिचं घर, मोठं आवार, आणि लोक बाहेरगावी गेले की त्यांचे कुत्रे ती सांभाळते. तिने फोनवर तयारी सांगितली. आधी पेणला नेऊन सुया टोचून घ्या. दुसऱ्याच्या हातून खायची सवय लावा. "आणि काका, तो झोपतो ती गोधडी पाठवा. पण धुवू नका हं. काकूंचा वास तिच्यात राहिला पाहिजे. नव्या जागी तोच त्याचा आधार." फोन स्पीकरवर होता. शांती शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान हलवली.

पेणला डॉक्टरांकडे बंब्याने टेबलाखाली अशी दडी मारली की शेवटी सुई घेऊन डॉक्टरच खाली बसले. ते एक काम झालं. त्यानंतर मात्र घरात मला एक मिनिट स्वस्थ बसवेना, कारण शांतीने घर धुवायला काढलं होतं.

आधी भांडी. माळ्यावरची, वर्षानुवर्षं कुणी न वापरलेली पातेलीसुद्धा चिंचेने घासली. मग पडदे, उशांचे अभ्रे, चादरी, शाली, देवघरातलं वस्त्र. वळणीवर जागा उरली नाही तेव्हा कुंपणावर कपडे वाळत पडले. दम लागायचा, पायरीवर टेकायची आणि परत उठायची. "अगो, डॉक्टरांनी वाकू नको सांगितलंय ना," मी ओरडायचो. "आन घर कोन आवरनार? चार मानसं येतील जातील, काय बोलतील?" एवढंच तिचं उत्तर. कुठली चार माणसं? आमच्या घरी येऊन जाऊन गोविंदा येतो, आणि तो ओटीच्या पुढे येत नाही. मी शेतावर जायचो, तिथे मन लागायचं नाही. परत यायचो तर घरात पाय ठेवायला कोरडी जागा नसायची.

मध्येच ती मला हाक मारायची. "अवो, या इकडं. घ्या ही भाकरी." मग मी बंब्यासमोर उकिडवा बसायचो, तांदळाच्या भाकरीवर सुकटाचं पाणी घालून हाताने कुस्करायचो, आणि शांती दाराआड लपायची. बंब्या माझ्याकडे बघायचाच नाही. दाराकडे बघून शेपूट हलवायचा. "जरा गोड बोला त्याच्याशी," दाराआडून आवाज यायचा. "काय बोलू? तो काय माझा जावई हाय?" "जावयाशी तरी कवा गोड बोललात!" अशी आमची तालीम चालायची. गुडघे दुखून यायचे, भाकरी थंड व्हायची आणि शेवटी शांतीच्या हातून ती त्याच्या पोटात जायची.

एकदा असाच बसलो असताना माझ्या मनात आलं, रोह्याला त्याला निशिगंधा जेवायला घालणार. मी नाही. मग माझ्या हातून खायची सवय त्याला कशासाठी? रोह्याहून परतल्यावर तर शांती असेलच की घरी.

मी दाराकडे पाहिलं. फटीतून तिचा एक डोळा दिसत होता. ती कुत्र्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

विचारायचं सोडून मी ताटली आपटली आणि ओरडलो, "मला नाय जमत हे कुत्र्याचे लाड!" आणि बाहेर पडलो. घाबरलो की मी ओरडतो, हे तिला माहीत आहे. ती पुन्हा कपडे धुवायला गेली. मोरीतून धोपाटण्याचा आवाज येत राहिला आणि मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो.

निघायच्या दिवशी सकाळी मृणाली आईला न्यायला गाडी घेऊन आली. शांतीने उठून आधी बंब्यासाठी भाकऱ्या थापल्या होत्या. अंगावर तीच रोजची निळी साडी, चुलीपुढे नेसून बसलेली. "आई, चांगली नेस ना एखादी," मृणाली म्हणाली. "हास्पिटलात चांगली कशाला? तिथं कोन बघतंय मला," म्हणत शांती गाडीत बसली. बंब्याला तिने हात लावला नाही. निशिगंधाने सांगितलं होतं, निरोपाचा सोहळा करू नका, कुत्रा घाबरतो. शांतीने काचेतून समोर बघितलं ते बघितलंच. गाडी वळली तेव्हा बंब्या माझ्या हातातल्या साखळीला अशी ओढ देत होता की माझा खांदा निखळायचा बाकी राहिला.

मागोमाग गावातल्या मिथुनच्या इको गाडीतून मी त्याला रोह्याला नेलं. नागोठणे येईपर्यंत तो कण्हत होता. मिथुन म्हणाला, "काका, गप करा त्याला." मी म्हटलं, "तू गाडी चालव."

निशिगंधा बोलायला साधी, कामाला चटपटीत. तिने पडवीत बंब्याची जागा दाखवली. मी पिशवीतून गोधडी काढून पसरली. बंब्याने ती हुंगली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिच्यावर पाय न ठेवता फाटकाशी जाऊन बसला. निशिगंधाने गोधडी उचलून नाकाला लावली.

"काका, ही धुतलीय."

मी वास घेतला. साबण, आणि वर डेटॉल. निशिगंधाने सांगितलेलं सगळं शांतीने ऐकलं होतं, मान हलवली होती. पण दुसऱ्याच्या घरी मळकी गोधडी पाठवायची, हे तिच्या हातून होणं शक्यच नव्हतं. उद्या कुणी म्हटलं असतं, शांतीचं अंथरूण बघा कसं.

"काकूंचं दुसरं काही आहे का? काहीही चालेल. नुसतं धुतलेलं नको."

"घरभर हाय तिचं," मी म्हटलं. "आनतो."

घरी येऊन कुलूप काढलं. उशी हुंगली. साबण. शाल, हातपुसणं, स्वयंपाकघरातलं चुलीचं फडकं, डोक्याला बांधायचा तिचा रुमाल, सगळ्यांना एकच वास. ओटीवरचं बसायचं पोतंसुद्धा धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलं होतं. मी म्हातारा माणूस घरभर एकेक चिंधी नाकाला लावत फिरत होतो. चाळीसहून जास्त वर्षं या घरात वावरलेली बाई, आणि तिचा वास असलेलं एक कापड सापडेना. ती जाण्याआधी घरातून स्वतःला धुऊन काढून गेली होती.

शेवटी साड्यांची ट्रंक उघडली. सगळ्यात वर, कुणालाही उचकापाचक करावी लागू नये अशी, एक कोरी हिरवी साडी होती. तिच्या घडीवर हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची पुडी.

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिला शेवटची हिरवी साडी नेसवतात. घाईत ती शोधायला लागू नये म्हणून शांतीने वरच काढून ठेवली होती. त्या चार माणसांसाठी. आता कळलं मला, कोण ती चार माणसं.

मी ट्रंकेपाशी बसून रडलो. ऐकायला कुणी नव्हतं, कुत्रासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पनवेल गाठलं. ऑपरेशनला अजून दोन दिवस होते. शांती दवाखान्याच्या झग्यात पलंगावर बसली होती, ओळखू येईना. मला बघताच तिने विचारलं, "जेवला का?"

"जेवला," मी म्हटलं.

"कान खाजवताय. खोटं बोलताना तुमी कान खाजवता."

मी हात खाली घेतला. निशिगंधाचा फोन गाडीतच येऊन गेला होता. बंब्या फाटक सोडत नव्हता, पाणी तेवढं चाटलं होतं, बाकी काही नाही. मी सगळं सांगितलं. शांती पांढरी पडली. "माझ्यामुळं," ती म्हणाली. "एवढं सगळं नीट करून ठेवलं, आन..."

"काय नीट केलंस?" माझा आवाज चढला. बाजूच्या पलंगावरची बाई वळून बघायला लागली. "माझ्या हातून खायला शिकवलंस त्याला? नाय खात तो! तू नसलीस तर त्याचं बी नाय निभनार आन माझं बी नाय. मला नको तुझी ही तयारी!"

"बाबा, हळू," मृणाली म्हणाली.

शांती खाली मान घालून चादरीच्या सुरकुत्या सारखी करत होती. मी आवाज उतरवून म्हटलं, "तू काल नेसून आलीस ती साडी कुठं हाय?"

"पलंगाखाली. पिशवीत." मग एकदम सावध झाली. "अवो, चुलीपुढची हाय ती. घामेजलेली. मृणालीकडं द्यायची होती धुवायला. ती काय कुनाच्या घरी न्यायची?"

"तीच न्यायची."

मी वाकून पिशवी ओढली. शांतीने दुसरं टोक धरलं. सलाइनची नळी हलली, मृणाली "आई!" म्हणून धावली. पण शांतीने पिशवी सोडली नाही.

"ही नेलीत तर घरी येताना नेसू काय मी?"

तिचं तिलाच नवल वाटलं असावं, कारण ती तशीच थांबली. घरी येताना, असं म्हणाली होती ती.

"आनतो की दुसरी," मी म्हटलं. "धुतलेल्या साड्यांचा ढीग हाय घरी. ट्रंकेत वरच एक हिरवी दिसली. ती आनू?"

मी ती पाहिली हे तिला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने तोंड खिडकीकडे वळवलं. पिशवी मात्र सुटली. "आदी त्याला जेवू घाला जा," एवढंच म्हणाली.

दुपारच्या रोहा गाडीत ती पिशवी मी मांडीवर धरून बसलो. कासू आलं तसा नकळत फलाटावर नजर टाकली. तिथे कुणीही नव्हतं.

निशिगंधाच्या फाटकाशी बंब्या पडून होता. माझ्याकडे बघून त्याने नेहमीसारखी मान फिरवली. मी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि पिशवीतून निळी साडी काढली. भाकरी, सुकट, धूर, घाम, सगळं होतं तिच्यात. बंब्याचे कान उभे राहिले. तो आला, साडीत नाक खुपसलं आणि असा काही हुंदका दिल्यासारखा आवाज काढला की निशिगंधासुद्धा तोंड फिरवून आत गेली. मग तो साडीवर गोल फिरला, बसला, आणि माझा हात चाटायला लागला, कारण हातालाही तोच वास लागला होता. निशिगंधाने भाकरी आणून दिली. मी कुस्करली. त्याने माझ्या हातून खाल्ली.

मी डाव्या हाताने फोन लावला. मृणालीने तो आईला दिला.

"जेवला," मी म्हटलं.

"कान खाजवत नाय ना?"

"नाय गो. हातात भाकरी हाय. आइक." मी फोन बंब्याच्या तोंडाशी धरला. तो मचमच खात होता.

मी फोन परत कानाला लावला.

"अवो," शांती म्हणाली, "ती हिरवी नको. ती ट्रंकेत तळाला टाका, पार तळाला. माझी जांभळी आना."