पायाळू

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय आले, मग डोकं. असल्या माणसावर वीज पडते म्हणतात, आणि असल्या माणसाची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण जाते. फैजपूरजवळच्या आमच्या गावाला यातली लाथ हवी, वीज नको. म्हणून आभाळ गडगडलं की बेबाबाईने, म्हणजे मी, गावाबाहेरच्या बसथांब्यावर बसायचं, ऊन पडलं की घरोघर लाथा मारत फिरायचं. तसा पंचायतीचा ठरावच आहे. सरपंच माझा जुळा भाऊ, लीलाधर. ठराव त्यानेच मांडला, मेल्याने!

शाळेतले गुरुजी सांगतात, वीज उंच वस्तूवर पडते. मी चार फूट दहा इंच. बसथांब्याला लागून मोबाईलचा टॉवर. तरी बोट माझ्याकडेच.

परवा माझ्या एकुलत्या मोहिनीचं लग्न होतं. बाप नाही तिला, मीच काय ती. ऐन मुहूर्ताला सातपुड्यावर आभाळ काळं झालं आणि बठ्ठ्या मांडवाने, झाडून सगळ्यांनी, माझ्याकडे पाहिलं.

"अक्षता पडेपर्यंत तरी राहू द्या रे," मी हात जोडले.

"दोनशे माणसांचा प्रश्न आहे, बेबा," लीलाधर म्हणाला.

पोरीचं लग्न, आणि आई बसथांब्यावर! पैठणी नेसून ढसाढसा रडले मी तिथे.

मोहिनीने व्हिडिओ कॉल लावून दिला. मंगलाष्टकं सुरू झाली, मी मोबाईलवरच अक्षता टाकू लागले. तेवढ्यात वीज कडाडली. मांडवात बसलेली माझी माय, सुनंदाबाई, पंचाहत्तरीची, अशी दचकली की तिच्या कमरेत उसण भरली.

"बेबा, फोनवरूनच लाथ मार!" लीलाधर ओरडला. मी पाय उचललाही होता.

"तिच्या लाथेनं काय व्हतं?" माय कळवळली. "तू मार! पायाळू तू हाये, लीला. ती सरळ जन्मली."

मंगलाष्टकं थांबली.

"पोरगा व्हता ना," माय पुटपुटली. "त्याले विजेखाली कसा ठेवू?"

विजेची भीती मला कधी वाटली नव्हती. हे मात्र काळजात घुसलं.

मी तरातरा चालत मांडवात शिरले. तोवर गावाने लीलाधरला ठरावाप्रमाणे बसथांब्याकडे पिटाळलं होतंच. पण मग छगनने कंबर धरली. अकरा वर्षांपूर्वी मीच बरी केलेली. "म्हणजे माझी उसण गेलीच नव्हती?" तो विव्हळला. मग रतिलाल वाकला. मग वऱ्हाडही वाकलं, गावातलंच ते. मी बऱ्या केलेल्या बठ्ठ्या कंबरा एकदम भरल्या, आणि गाव वाकून वाकून, भर विजांत, लीलाधरची लाथ खायला बसथांब्याकडे निघालं.

मांडवात उरलो मोहिनी, जावई, भटजी आणि मी. आणि आडवी पडलेली माय.

"बेबा," ती कण्हली, "एक लाथ मार वं."

"मी सरळ जन्मले ना, माय?"

"तरी मार."

मी आधी पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, ओंजळभर. मग पदर खोचला. लाथ जरा जोरातच बसली.

माय ताडकन उठून बसली. कंबर मोकळी झाली होती, पण माझ्याकडे काही तिला बघवेना.