दोनशे वर्षांपूर्वीची आई

मी दोनशे वर्षांपूर्वीचा कुंभार आहे. दहा ते पाच. सोमवारी सुट्टी.

संग्रहालयाच्या मागच्या अंगणात आमचं जुनं गाव वसवलंय. नियम एकच: पाहुण्यांसमोर आपण आजचे नाही. नव्या माणसाच्या तीन चुका झाल्या की नारळ. माझ्या दोन झाल्या होत्या. एकदा एका पाहुणीच्या पायावर मडकं पडलं आणि मी "सॉरी" म्हणालो. दुसऱ्यांदा आगीचा भोंगा वाजला आणि मी पळालो. आमच्या पर्यवेक्षिका, ज्यांना आम्ही त्यांच्यामागे शतकबाई म्हणतो, शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या काळात भोंगा नव्हता. मग पळालात कशाला?" शेजारचा लोहार धुरात ठोकत बसला होता. तो दुसऱ्याच दिवशी कायम झाला.

आज माझा उमेदवारीचा शेवटचा दिवस. शतकबाई वही घेऊन गर्दीमागे उभ्या. आणि गर्दीतून, मी घरी विसरलेला डबा हातात धरून, आई आली.

आईला मी सांगितलं होतं की मी इथे अधिकारी आहे. आईने ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं, काहींना दोनदा.

"अरे! तुला चिखलात कोणी बसवलं?"

शतकबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"या बाई," मी म्हणालो. "कुठल्या गावच्या आपण?"

"मला ओळखत नाहीस?"

"नाही बुवा."

आईचा चेहरा पडला. नऊ महिने पोटात वाढवल्याचा विषय आता कोणत्याही क्षणी निघणार होता. मी डोळ्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे खुणावलं. 'इथली माणसं दोनशे वर्षांपूर्वीची आहेत. त्यांना आजचं काही विचारू नये.' आईने पाटी वाचली. मग वही पाहिली. मग मला पाहिलं, आणि डबा पदराखाली लपवला.

"कुंभारदादा," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमची आई कुठे असते?"

मला तो गोडवा लहानपणापासून माहीत आहे.

"घरी असते, बाई."

"तिला माहितीये ना, तुम्ही मडकी करता ते?"

"तिला सांगितलंय, मी राजाच्या कचेरीत अधिकारी आहे."

गर्दी हसली. आई नाही हसली.

"खोटं का सांगितलंत?"

"तिला वाईट वाटेल म्हणून."

"मडकी करता याचं कशाला वाईट वाटेल? अशी वाकडी करता याचं वाटेल! सरका." आईने बाह्या सरसावल्या, चाकापाशी बैठक मारली आणि तिंबलेल्या कणकेला देते तसा मातीला एक धपाटा दिला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच आमच्या गावात एक मडकं सरळ उभं राहिलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाच वाजता शतकबाईंनी मला बोलावलं. "तुम्ही कायम," त्या म्हणाल्या. "सख्ख्या आईला ओळख दिली नाहीत. असा माणूस मिळत नाही." मग आईकडे वळल्या. "तुम्ही उद्यापासून येता?"

आई आता माझ्या शेजारी बसते. लोहारसुद्धा तिला वचकून असतो.

घरी मात्र अवघड झालंय. काल रात्री मी स्वयंपाकघरात डोकावलो. "आई, जेवायला काय आहे गं?"

आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठल्या गावचे आपण?"