तीस किलोंचं संचित

कुवेतच्या रुमैथिया भागातल्या एका व्हिलाच्या तळघरात शुक्रवारी सकाळी साठ-सत्तर माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. पाटावर हार घातलेला लॅपटॉप, भिंतीवर प्रोजेक्टरने मोठा करून दाखवलेला त्याचा पडदा आणि शेजारी रेशमी उपरण्यातले लक्ष्मीकांत महाराज.

"अरे, तुम्हाला नेटवर बातम्या मिळतात, सिनेमे मिळतात. आम्ही नेटवर वरच्याशी बोलतो! चित्रगुप्ताची वही आता ऑनलाइन झालीय. बोला, नंबर बोला!"

पुंडलिक उठला. सिव्हिल आयडीचे, म्हणजे इथल्या ओळखपत्राचे, बारा आकडे त्याने एकेक करून वाचले. महाराजांनी ते टाइप केले, डोळे मिटले, बटण दाबलं. भिंतीवर इंग्रजी अक्षरं उमटली: 'कन्फर्म्ड. डिपार्चर २१ मे. बॅग ३०.'

"प्रस्थान! एकवीस मेला तू मायदेशी!" महाराज गरजले. "आणि बॅग तीस म्हणजे तीस जन्मांचं संचित तुझ्या पाठीशी आहे, लेका! पण तक्रार-बिक्रार केलीस तर कृपा तिथल्या तिथे रद्द."

टाळ्या पडल्या. पुंडलिकला रडू आवरेना.

सुलैबियातल्या एका कंपनीत तो एसी मेकॅनिक होता. करार संपून आठ महिने झाले, तरी पासपोर्ट कंपनीच्या मंदूबाच्या कपाटात होता. सरकारी कागदपत्रं सांभाळणारा हा मंदूब रोज एकच शब्द बोलायचा, "बुकरा." उद्या. लातुरात जन्मलेली मुलगी दोन वर्षांची झाली, पुंडलिकने तिला अजून पाहिलं नव्हतं. पासपोर्टशिवाय विमान नाही आणि मालकाच्या सहीशिवाय दुसरी नोकरी नाही. खोली ते साइट, साइट ते खोली, एवढाच त्याचा कुवेत. शेवटी धीर करून त्याने लेबर ऑफिसात तक्रार टाकली होती. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी सुनावणी होती; कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गैरहजर राहिला तर तक्रार बंद.

महाराजांचं ऐकून त्याने ठरवलं, जायचं नाही.

मंगळवारी तो जाब्रियात वीणा मॅडमच्या फ्लॅटमधला एसी दुरुस्त करायला गेला. मॅडम पुण्याच्या, घरीच कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायच्या. चहा घेताना, आता सुनावणीला जायचं नाही असं सांगत, त्याने लक्ष्मीकांत महाराजांचं नाव आणि ते उत्तर छापलेली चिठ्ठी अभिमानाने दाखवली.

वीणाने ती वाचली आणि कप खाली ठेवला. "पुंडलिकभाऊ, हे महाराज पूर्वी काय करायचे?"

"साधनेच्या आधी कॉम्प्युटर शिकले म्हणत्यात. इथंच जाब्रियात कुठंतरी."

"कुठंतरी नाही. या खोलीत. गेल्या वर्षी, तीन महिने." तिने आपला कॉम्प्युटर सुरू केला. "एका कॉम्प्युटरने नेटवरून प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, हे मी शिकवते. खरी विमान कंपनी शिकाऊ पोरांना हात लावू देईल का? म्हणून मी खोटी बनवली. नंबर टाकला की तिकिटाचं उत्तर येतं. उत्तरं दहाच, माझ्या मनाने लिहिलेली. नंबराचा शेवटचा आकडा बघून त्यातलं एक येतं, बाकी आकडे ती बघतही नाही. तुमचा शेवटचा आकडा?"

"चार."

तिने टाइप केलं. तीच अक्षरं आली. मग तिने स्वयंपाकघरातून दुधाच्या पावडरीचा डबा आणला. त्याच्यावरच्या बारकोडचे आकडेही बाराच होते, शेवटी चार. डब्यालाही एकवीस मे मिळाली.

"आणि बॅग तीस?" त्याने विचारलं.

"तीस किलो सामान न्यायची परवानगी."

पुंडलिकने डबा फिरवून शेवटचा चार पुन्हा बघितला. मग एकदम उसळला, "म्हंजे ही करणी तुमचीच की!"

"लिहिलं मीच," वीणा म्हणाली. "खोटं म्हणूनच लिहिलं आणि वर्गात सगळ्यांना सांगितलंही. पण ते नेटवर उघडं ठेवलं, ही माझी चूक."

"ताई, लई आधार होता हो एकवीस मेचा. आता माझ्याकडं काय राहिलं?"

"सुनावणीचा रविवार राहिलाय," ती म्हणाली.

शुक्रवारी दोघं तळघरात गेले. पुंडलिक म्हणाला, "महाराज, एका सोबत्याचा नंबर आणलाय." महाराजांनी आकडे टाइप केले. 'कन्फर्म्ड. डिपार्चर २१ मे.'

"पुण्यवान जीव!" महाराज डोलू लागले. "घरी म्हातारी आई दाराशी बसून वाट बघतेय त्याची. कुठाय तो?"

पुंडलिकने पिशवीतून डबा काढून पाटावर ठेवला. "ह्यो बघा. ह्याच्या आईला काय कळवू?"

पहिल्यांदा हशा उठला आणि लगेच विरला. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मग आमच्या तारखा?"

"ही माया आहे! परीक्षा आहे!" महाराज उपरणं सावरत ओरडले.

वीणा मागच्या रांगेतून पुढे झाली. "लक्ष्मीकांत, वर्गासाठी बनवलेली माझी खोटी विमान कंपनी मी आत्ताच फोनवरून बंद केलीय. घ्या पुढचा नंबर."

महाराजांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भिंत कोरीच राहिली. सगळ्यांच्या देखत वीणाने दहाच्या दहा उत्तरं वाचून दाखवली. ज्याची त्याची तारीख आली की त्याची मान खाली जाई. कुणाला आनंद झाला नाही. एक वयस्क सुतार तर म्हणाला, "बाई, खोटी होती तरी झोप लागायची."

"लागायची, काका," वीणा म्हणाली. "आणि तुम्ही झोपेत असताना पासपोर्ट कपाटातच राहायचा."

रविवारी पुंडलिकबरोबर त्याच्याच कंपनीतले अकराजण आपापल्या तक्रारी घेऊन लेबर ऑफिसात गेले. त्या दिवशी काहीच हाती लागलं नाही. मंदूब आला नाही, पुढची तारीख मिळाली, मग आणखी एक. जूनच्या अखेरीस अधिकाऱ्यासमोर मंदूबाने पासपोर्ट टेबलावर ठेवले. बारांपैकी नऊ. सुताराचा त्यात नव्हता, त्याला आणखी चार महिने खेटे घालावे लागले. पुंडलिक दोन जुलैला घरी पोहोचला. मुलगी त्याला बघून आईच्या मागे लपली, तेव्हा तो दारातच बसून राहिला, ती बाहेर येईपर्यंत.

कोंडलेल्या माणसाला दार हवं असतं, आणि भिंतीवर दार रंगवून देणारे त्याला लगेच भेटतात. रंगवलेल्या दाराला नमस्कार करण्याआधी एकदा ढकलून बघा. उघडलं नाही, तर खऱ्या दारावर थाप मारायला निदान हात तरी मोकळे राहतील.